‘एलसॅस’ची वाढती मेमरी: साठवण कोणती आणि गळती कोणती?

१२ मार्च २०२४ रोजी मंगळवार होता. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षा अपडेट देण्याच्या रिवाजाप्रमाणे मायक्रोसॉफ्टने विंडोज सर्व्हरसाठी नवे अपडेट प्रसृत केले. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे दहा वाजले होते, दुबईत रात्रीचे नऊ आणि भारतात साडेदहा. त्यानंतरच्या दिवसांत निरनिराळ्या देशांतील सर्व्हर-व्यवस्थापकांना एकच गोष्ट दिसू लागली. डोमेन कंट्रोलरवरील ‘एलसॅस’ ही प्रोसेस मेमरी घेत सुटली होती आणि घेतलेली मेमरी परत करत नव्हती. मेमरी संपत आली की प्रोसेस कोसळे, आणि ती कोसळली की सर्व्हर कोणाची परवानगी न घेता रीस्टार्ट होई. मायक्रोसॉफ्टने दोष मान्य केला आणि २२ मार्चपासून नेहमीच्या वेळापत्रकाबाहेरची दुरुस्ती उपलब्ध करून दिली.

‘एलसॅसने फार मेमरी घेतली आहे’ ही तक्रार मात्र त्या मार्चच्या आधीही येत होती आणि आजही येते. न्यू जर्सीतल्या किंवा दुबईतल्या कार्यालयाचे सर्व्हर पुण्याहून अथवा नवी मुंबईहून सांभाळणाऱ्या रात्रपाळीच्या मंडळींना तिची सवय झालेली असते. धोक्याचा इशारा येतो, कोणीतरी टास्क मॅनेजर उघडतो, यादीच्या अगदी वर एलसॅसचे नाव दिसते. सर्व्हर रीस्टार्ट केला जातो, आकडा खाली येतो, तक्रार बंद होते. यांतील बहुतेक प्रसंगी काहीही बिघडलेले नसते. थोड्या प्रसंगी मात्र बरेच काही बिघडलेले असते, आणि रीस्टार्टमुळे दोन्ही प्रकार सारखेच दिसू लागतात. खरी अडचण इथेच आहे. एकाच प्रोसेसचा एकच मोठा आकडा कधी प्रकृतीचे लक्षण असतो, तर कधी आजाराचे.

द्वारपालाची स्मरणशक्ती

एलसॅसचे पूर्ण नाव लोकल सिक्युरिटी ऑथॉरिटी सबसिस्टिम सर्व्हिस. विंडोजच्या प्रत्येक संगणकावर ती चालते. लॉगिन करणारी व्यक्ती खरोखर तीच आहे का, याची शहानिशा करणे हे तिचे काम. घरच्या लॅपटॉपवर तिचा पसारा लहान असतो. पण ज्या सर्व्हरला डोमेन कंट्रोलर केले जाते, तिथे याच प्रोसेसच्या पोटात ॲक्टिव्ह डिरेक्टरी चालते: संस्थेतील प्रत्येक कर्मचारी, प्रत्येक संगणक, प्रत्येक गट आणि त्यांचे अधिकार यांची अख्खी नोंदवही. ही नोंदवही डिस्कवर ‘एनटीडीएस डॉट डिट’ या फाइलमध्ये असते. मोठ्या संस्थांत ती अनेक जीबींची होते.

हाउसिंग सोसायटीच्या फाटकावरचा जुना वॉचमन प्रत्येक रहिवाशासाठी वही उघडत नाही. रोज दिसणारे चेहरे त्याला पाठ असतात. एलसॅस तेच करते. नोंदवहीतील जी पाने एकदा वाचली जातात ती मेमरीत ठेवली जातात, म्हणजे पुढच्या वेळी डिस्ककडे जावे लागत नाही. डिस्कपेक्षा मेमरी कितीतरी वेगवान असल्यामुळे ही साठवण जितकी पूर्ण, तितके लॉगिन चटकन होते. म्हणूनच डोमेन कंट्रोलरला मेमरी किती द्यावी याबद्दल मायक्रोसॉफ्टचा जुना सल्ला असा आहे, की संपूर्ण नोंदवही मेमरीत मावली पाहिजे आणि त्यावर ऑपरेटिंग सिस्टिम, इतर सेवा व सुरक्षा-सॉफ्टवेअर यांच्यासाठी जागा उरली पाहिजे.

बत्तीस बिटांच्या जमान्यात या साठवणीला आपोआप कुंपण होते, कारण एका प्रोसेसला मिळणारा पत्त्यांचा अवकाशच तोकडा होता. चौसष्ट बिटांवर ते कुंपण गेले. आता एलसॅस मोकळी मेमरी दिसेल तितकी वापरते आणि नोंदवही संपली की थांबते. इतर कोणाला मेमरीची निकड भासली तर साठवणीतला काही भाग सोडूनही देते. नऊ जीबींची नोंदवही असलेल्या सर्व्हरवर एलसॅसने दहा जीबी मेमरी घेतली असेल, तर तिथे दुरुस्त करण्यासारखे काही नाही. उलट त्या सर्व्हरला आठच जीबी मेमरी दिलेली असेल, तर दोष एलसॅसचा नसून मेमरीची तरतूद करणाऱ्याचा आहे.

रीस्टार्टनंतरचा गोंधळही यातूनच होतो. रीस्टार्ट झाल्यावर साठवण रिकामी असते. मग कामकाजाच्या ओघात पाने वाचली जातात आणि आकडा चढू लागतो. हे चढणे कधी काही तास चालते, कधी काही दिवस. आलेख पाहणाऱ्याला वाटते, ‘पुन्हा सुरू झाले’. प्रत्यक्षात वॉचमन पुन्हा चेहरे पाठ करत असतो. त्याला दर आठवड्याला घरी पाठवले, तर दर सोमवारी फाटकावर रांग लागणारच.

वजाबाकी

साठवण आणि गळती यांतला फरक टास्क मॅनेजरच्या एका आकड्यात दिसत नाही, कारण दोन्हींची बेरीज एकाच खात्यावर मांडलेली असते. ती फोडण्यासाठी परफॉर्मन्स मॉनिटर हे विंडोजमधलेच जुने साधन पुरेसे आहे. त्यातले दोन मापक महत्त्वाचे. पहिला, एलसॅस प्रोसेसचे ‘प्रायव्हेट बाइट्स’, म्हणजे तिने केवळ स्वतःसाठी घेतलेली एकूण मेमरी. दुसरा, ‘डेटाबेस’ या शीर्षकाखाली एलसॅसच्या नावापुढे मिळणारा ‘डेटाबेस कॅश साइझ’, म्हणजे नोंदवहीच्या साठवणीने व्यापलेली मेमरी. पहिल्यातून दुसरा वजा केला की जे उरते, त्यावर नजर ठेवायची.

उदाहरणादाखल समजा, एलसॅसची एकूण मेमरी साडेदहा जीबी आहे आणि त्यातले आठ जीबी साठवणीचे आहेत. उरले अडीच. आठवडाभराने एकूण आकडा साडेअकरावर गेला, साठवण नऊवर गेली आणि बाकी अडीचच राहिली, तर चिंतेचे कारण नाही. पण साठवण आठवर स्थिर आणि बाकी अडीचावरून चारवर, चारवरून सहावर जात असेल, तर ती गळती आहे. तिसरा प्रकार फसवा आहे. गळती वाढू लागली आणि सर्व्हरवरची मोकळी मेमरी घटली, की साठवण स्वतःला आकसून घेऊ शकते. अशा वेळी एकूण आकडा काही काळ जवळजवळ स्थिर दिसतो, इशारा वाजत नाही. फक्त डिस्कवरचे वाचन वाढते आणि ‘आज लॉगिनला वेळ लागतोय’ अशा किरकोळ तक्रारी येऊ लागतात. एकूण आकड्यावर ऐंशी टक्क्यांची मर्यादा लावून निश्चिंत झालेल्या देखरेख-यंत्रणेला हा प्रकार दिसतच नाही.

नोंदी दर पाच मिनिटांनी आणि किमान आठवडाभर घेतल्या, तर आलेखाचा आकार पुष्कळ काही सांगतो. साठवणीचा आलेख आधी चढतो, मग सपाट होतो. गळतीचा आलेख सपाट होत नाही. तो कार्यालयीन वेळेत चढत असेल आणि रात्री व सुटीच्या दिवशी आडवा होत असेल, तर गळतीचा संबंध वापरकर्त्यांच्या विनंत्यांशी आहे. तो अहोरात्र एकाच चालीने चढत असेल, तर ठरावीक अंतराने चालणाऱ्या एखाद्या सेवेकडे किंवा एजंटकडे बोट जाते. इथे स्थानिक दिनदर्शिका विसरून चालत नाही. २०२४ मध्ये सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिरातीत रमजानचा महिना ११ मार्चला, म्हणजे त्या अपडेटच्या आदल्या दिवशी सुरू झाला होता. कामाचे तास घटले होते. फेब्रुवारीतील आलेखाशी तुलना करणाऱ्याला लॉगिनचा ओघ बदललेला दिसणारच होता, आणि त्या बदलात गळतीची पहिली खूण हरवणे सहज शक्य होते.

मार्चमध्ये काय घडले

त्या गळतीचा धागा केर्बेरॉसशी जुळला होता. ग्रीक पुराणातील तीन डोक्यांच्या कुत्र्याचे नाव मिरवणारी ही ओळख-पद्धती एमआयटीत जन्मली आणि विंडोज २००० पासून डोमेनमधील मुख्य पद्धती झाली. सकाळी कर्मचारी लॉगिन करतो तेव्हा डोमेन कंट्रोलर त्याला एक मूळ तिकीट देतो. त्या तिकिटाच्या जोरावर मेल, फाइल-सर्व्हर, प्रिंटर, अंतर्गत संकेतस्थळे अशा प्रत्येक सेवेसाठी वेगळे तिकीट मागितले जाते. मूळ मांडणीत या तिकिटांची मुदत दहा तासांची असते. एका माणसाच्या एका कामकाजी दिवसात अशा कितीतरी विनंत्या होतात, शिवाय संगणक आणि सेवा स्वतःच्या नावानेही तिकिटे मागत राहतात.

मार्चच्या अपडेटनंतर डोमेन कंट्रोलर या विनंत्या हाताळत असताना मेमरी गळू लागली. विंडोज सर्व्हर २०१२ आर २, २०१६, २०१९ आणि २०२२ या आवृत्त्यांना झळ बसली. सर्व्हर स्वतःच्या इमारतीत असो वा क्लाउडवर, फरक पडला नाही. घरगुती संगणकांना धक्का लागला नाही, कारण ते डोमेन कंट्रोलर नसतात. जिथे विनंत्या जास्त आणि मेमरी कमी, तिथे कोसळण्याची घटका लवकर येणार हे उघड होते.

एकाहून अधिक डोमेन कंट्रोलर ठेवण्याची पद्धत अशाच प्रसंगासाठी असते. एक पडला तर दुसरा आहेच, हा त्यामागचा विचार. पण हे सर्व्हर बहुधा एकाच साच्यातून काढलेले असतात: सारखी मेमरी, सारखी आवृत्ती, आणि विनंत्यांची जवळजवळ समान वाटणी. एकाच रात्री सर्वांवर एकच अपडेट चढवले, तर सगळ्यांची गळती एकाच वेळी सुरू होते आणि सगळे साधारण एकाच सुमारास भरतात. पहिला कोसळला की त्याच्या वाट्याच्या विनंत्या दुसऱ्याकडे वळतात आणि दुसऱ्याची गळती वेग घेते. कागदावर चार आधार दिसतात. या विशिष्ट दोषापुढे ते चारही मिळून एकच आधार ठरतात. मार्च २०२४ चा हा धडा मेमरीच्या आकड्यांहून मोठा आहे, आणि त्याची चर्चा त्या मानाने कमीच झाली. अपडेट टप्प्याटप्प्याने, काही दिवसांच्या अंतराने चढवण्याची शिस्त कंटाळवाणी वाटते आणि सुरक्षा-तपासणीच्या अहवालात ‘अपडेट प्रलंबित’ असा शेरा आणते. तरीही एक तरी डोमेन कंट्रोलर आठवडाभर मागे ठेवणाऱ्या चमूकडे तुलनेसाठी निरोगी सर्व्हर उरतो. शेजारी शेजारी ठेवलेले दोन आलेख, एक अपडेटसह आणि एक अपडेटविना, याहून सरळ पुरावा दुसरा नाही.

ज्यांनी नव्वदचे दशक संपताना किंवा त्यानंतर लगेच नोकरीला सुरुवात केली, त्यांना एलसॅसचे कोसळणे वेगळ्या कारणाने आठवेल. ३० एप्रिल २००४ रोजी अवतरलेला ‘सॅसर’ हा किडा याच प्रोसेसमधल्या त्रुटीतून शिरत असे, आणि पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू होई. त्या त्रुटीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १३ एप्रिललाच दिली होती. तेव्हा अपडेट न करणारे भरडले गेले, वीस वर्षांनी अपडेट करणारे.

रीस्टार्ट, माघार की प्रतीक्षा

दुरुस्ती येईपर्यंतच्या दहा दिवसांत व्यवस्थापकांपुढे तीन मार्ग होते आणि तिन्हींत खोट होती. पहिला, रात्री कामकाज थंडावल्यावर एकेक डोमेन कंट्रोलर ठरवून रीस्टार्ट करणे. यात गळलेली मेमरी सुटते, पण साठवणही रिकामी होते, आणि सर्व सर्व्हर एकदम रीस्टार्ट केले तर सकाळी थंड साठवणीवर सगळा भार पडतो. एकाचा रीस्टार्ट पूर्ण होऊन तो विनंत्यांना उत्तरे देऊ लागल्यावरच दुसऱ्याला हात लावायचा, हा साधा नियम घाईत सर्वांत आधी मोडला जातो.

दुसरा मार्ग, अपडेट काढून टाकणे. विंडोज सर्व्हरचे मासिक अपडेट एकत्रित असते. त्यातला केर्बेरॉसचा भाग काढून बाकीचा ठेवता येत नाही. मार्चच्या संचात हायपर-व्हीमधील दोन गंभीर त्रुटींचीही दुरुस्ती होती. डोमेन कंट्रोलरवर हायपर-व्ही चालवू नये असा संकेत असल्याने तो धोका बहुतेकांच्या डोमेन कंट्रोलरला प्रत्यक्ष लागू नव्हता, पण त्याच संचातल्या इतर दुरुस्त्याही अपडेटसोबत जाणार होत्या. संस्थेतल्या सर्व ओळखी ज्या यंत्रात आहेत, त्याच यंत्रावरचे कवच काढायचे की नाही, हा निर्णय रात्रपाळीच्या अभियंत्यावर सोडण्याजोगा नाही. अनेक ठिकाणी तो त्याच्यावरच पडतो.

हा पेच त्याआधीही आला होता. नोव्हेंबर २०२२ च्या अपडेटनंतरही काही आवृत्त्यांवर एलसॅसची मेमरी हळूहळू वाढत राहण्याचा दोष आढळला होता. तेव्हा मायक्रोसॉफ्टने रजिस्ट्रीतील एक किंमत शून्य करण्याचा तात्पुरता उपाय सुचवला आणि डिसेंबरच्या अपडेटमध्ये दोष दूर केला. ती किंमत मुळात केर्बेरॉस तिकिटांवरील नव्या सहीच्या संरक्षणाशी निगडित होती. म्हणजे मेमरी वाचवायची तर सही सोडायची. असा तात्पुरता उपाय केला, की तो मागे घेण्याची तारीख त्याच दिवशी लिहून ठेवावी लागते. नाही तर दोष दुरुस्त झाल्यावरही शून्य तसेच राहते.

तिसरा मार्ग थांबण्याचा: मेमरी तात्पुरती वाढवून वेळ विकत घ्यायचा. आभासी सर्व्हरवर हे सोपे असते. गळतीवर हा इलाज नव्हे. पण आलेखाचा चढ ठाऊक असेल, तर किती दिवस मिळतील याचे गणित मांडता येते, आणि अशा काळात गणिताने मिळालेले चार दिवससुद्धा मोलाचे असतात.

संशयित आणि एक सावधगिरी

प्रत्येक गळती मायक्रोसॉफ्टच्या माथी मारता येत नाही. पासवर्ड पुरेसा कठीण आहे का हे तपासणारी बाहेरची सॉफ्टवेअर, दुहेरी पडताळणीची काही उत्पादने, काही सुरक्षा-एजंट आपले तुकडे थेट एलसॅसच्या आत चालवतात. त्यांनी सांडलेली मेमरी एलसॅसच्याच खात्यावर चढते. गळती सुरू होण्याच्या तारखेच्या आसपास अशा उत्पादनाची आवृत्ती बदलली होती का, हे विचारायला पाच मिनिटे लागतात आणि त्यातून कधी कधी पाच दिवस वाचतात.

कधी गळती नसते, तर एखादा अनुप्रयोग नोंदवहीला अवाढव्य प्रश्न विचारत असतो. नवी मनुष्यबळ-प्रणाली किंवा घाईत लिहिलेली एखादी स्क्रिप्ट दर मिनिटाला सर्व कर्मचाऱ्यांची संपूर्ण यादी मागते आणि डोमेन कंट्रोलर बिचारा पाने उलटत बसतो. डोमेन कंट्रोलरवर परफॉर्मन्स मॉनिटरमध्येच ‘ॲक्टिव्ह डिरेक्टरी डायग्नोस्टिक्स’ हा तयार संच असतो. तो पाच मिनिटे चालवला, की असे महागडे प्रश्न आणि ते विचारणाऱ्यांचे पत्ते अहवालात मिळतात. अधिक खोलात जायचे असेल तर रजिस्ट्रीत ‘१५ फील्ड इंजिनिअरिंग’ या नोंदीची पातळी ५ करता येते. मग असे प्रश्न इव्हेंट क्रमांक १६४४ म्हणून नोंदले जातात. काम झाल्यावर पातळी पूर्ववत करायची, अन्यथा नोंदींचाच पूर येतो.

या सगळ्यात हात न भाजता करण्याजोगी नसलेली एक गोष्ट म्हणजे एलसॅसचा मेमरी-डंप. इतर प्रोसेसच्या बाबतीत डंप घेऊन विक्रेत्याकडे पाठवणे ही नित्याची बाब आहे. एलसॅसच्या मेमरीत मात्र पासवर्डपासून बनलेले हॅश आणि केर्बेरॉसची गुपिते असतात. ती बाहेर काढण्यासाठी ‘मिमिकॅट्झ’सारखी साधने वर्षानुवर्षे वापरली जात आहेत. म्हणून आजची सुरक्षा-सॉफ्टवेअर एलसॅसला हात लावणाऱ्या कोणत्याही प्रोग्रॅमला चोर समजतात, आणि ते योग्यच आहे. डंप घेणे अटळ असेल तर सुरक्षा-विभागाला आधी कळवावे लागते, फाइल सांकेतिक रूपात ठेवावी लागते, आणि काम संपताच ती नष्ट झाल्याची खात्री करावी लागते. शिवाय साध्या पद्धतीने डंप लिहिला जात असताना प्रोसेस थबकते. वीस जीबींच्या एलसॅसचा डंप भर सकाळी घेणे म्हणजे कार्यालयातील सर्वांना काही वेळ दारातच उभे करणे.

मार्च २०२४ च्या दोषासाठी डंपची गरज उरली नाही, कारण दोष जाहीर झाला होता. पण आपत्कालीन दुरुस्ती आपोआप बसणारी नव्हती. ती मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगवरून स्वतः उतरवून घ्यावी लागत होती, आणि डब्ल्यूएसयूएस वापरणाऱ्यांना तिथे ती हाताने आयात करावी लागत होती. २२ मार्च हा शुक्रवार होता आणि सोमवारी धुळवड. पुण्यातल्या चमूंची माणसे सुटीच्या तयारीत असताना ज्यांनी ती घोषणा वाचली नाही, त्यांच्या सर्व्हरवर काहीच बदलले नाही. त्यांच्यापर्यंत दुरुस्ती पोचली ती पुढच्या नियमित एकत्रित अपडेटमधून, ९ एप्रिलच्या मंगळवारी. त्या दिवशी गुढीपाडवा होता.